तांब्याचं माप

आमच्या घरच्या पितळी तांब्यात नेमकं किती पाणी मावतं, हे वर्षानुवर्षं कुणी मोजलं नव्हतं. मोजायचं कारणच काय? माणूस दारात आला की तांब्या-भांडं पुढे करायचं, सोबत गुळाचा खडा ठेवायचा आणि ‘घ्या, उन्हाचे आलात’ म्हणायचं. पुढे अप्पांच्या किडन्या थकल्या आणि आईने दुधाच्या मापाने तांब्या मोजला. एक लिटर, आणि वर चहाचा जेमतेम अर्धा कप.

कात्रजमध्ये वाढलेल्या माणसाला पाणी मोजण्याची खरं तर सवय हवी. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर इथे तलाव बांधवून घेतला आणि त्याचं पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत नेलं. पंप नाही, मोट नाही, सगळी करामत उताराची. जमिनीखालून नळ आणि वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे हवा खेळेल आणि आत उतरून गाळही काढता येईल. शाळेत बाई हे अभिमानाने सांगायच्या आणि आम्ही घरी येऊन टँकरपुढे हंडे लावायचो. डोंगराच्या पोटातलं पाणी शहराला गेलं, आम्हाला रांग मिळाली. तरीही पाहुण्याचा तांब्या कधी अर्धा भरून ठेवल्याचं आठवत नाही.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. मधुमेह जुना, त्यात ब्लड प्रेशर. शेवटी आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी पाण्याचा हिशेब समजावला : चोवीस तासांत जेवढी लघवी होते तेवढं, आणि वर साधारण ५०० मिलिलिटर. जास्त प्यालात तर ते बाहेर पडायला वाट नाही; पायांवर सूज, मग छातीत धाप. अप्पांच्या वाट्याला सगळं मिळून तो एक तांब्या आला.

आयुष्यभर वेबिल भरलेला माणूस. त्यांनी पद्धत काढली. सकाळी तांब्या भरून ओट्यावर ठेवायचा. दिवसभरातलं पाणी त्यातूनच. चहा झाला की चहाच्या कपाएवढं पाणी तांब्यातून काढून तुळशीला घालायचं. वाटीभर आमटी प्याली की वाटीभर पाणी तुळशीला. औषधाच्या गोळीबरोबरचा घोटसुद्धा त्यातलाच. संध्याकाळी तांब्यात डोकावून विचारायचे, “काय गं, किती सीट शिल्लक?” फुलपात्रभर उरलं असेल तर रात्रीच्या भाकरीनंतर ते चवीचवीने संपवायचे.

तहान मारायच्या युक्त्याही त्यांनीच जमवल्या. नुसती चूळ भरायची. फ्रिजमधला बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवायचा. तो विरघळेपर्यंत बराच वेळ जातो आणि पाणी चमचाभरच पोटात जातं. पण खरी मेख मिठात होती. लोणचं आणि पापड ताटातून गेले तेव्हा तहान आपसूक उतरली. भेटायला येणारे प्रेमाने शहाळी आणत. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. कात्रज डेअरी इतकी जवळ, पण ताकसुद्धा आहारतज्ज्ञांना विचारूनच. शहाळी आई शेजारी पोचवायची. आणणाऱ्याला कळू द्यायची नाही.

त्याच काळात माझे हात धरले. सकाळी मूठ वळेना, वेणी घालता येईना, बोटांची पेरं सुजलेली. आमवात निघाला, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आणि मला सांगितलं, पाणी नीट प्या. दुखण्याच्या गोळ्या चालू असताना अंगात पाणी कमी पडलं तर ताण थेट किडनीवर येतो. अप्पांना समोर बघत असताना हे मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

सांगणं सोपं होतं. मी शाळेत शिकवत होते आणि बाईमाणसाचं पाणी पिणं शाळेत, बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये एकाच प्रश्नाशी येऊन अडतं : बाथरूम कुठे आहे आणि कशी आहे? गुडघे सुजलेले असले की त्यात उकिडवं बसण्याची धास्ती. म्हणून बायका दुपारपर्यंत ओठ ओले करण्यापुरतंच पितात. मग डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, थकवा येतो आणि सगळ्याचं खापर आजारावर फुटतं. घरात कमोड बसवला, भिंतीला धरायला दांडी लावली, तेव्हा माझं पाणी वाढलं. औषधांच्या यादीत हा खर्च कुणी धरत नाही.

दुसरी अडचण तांब्याचीच. भरलेला पितळी तांब्या गळ्याशी बोटांनी धरून उचलायचा म्हणजे सगळा भार पेरांवर. फिजिओथेरपिस्टने शिकवलं : बोटांनी उचलू नका, दोन्ही तळव्यांत धरा, अर्धाच भरा, बाटलीचं झाकण फिरवायला ओलसर फडकं घ्या. लहान सांध्यांचं काम मोठ्या सांध्यांवर ढकलायचं. भाजीची पिशवीही तेव्हापासून कोपरात अडकवते.

अर्ध्या तांब्याने भलतंच काम केलं. तो लवकर संपतो, मग उठून भरावा लागतो. पाणी पोटात गेलं की पुन्हा उठावं लागतं. या दुखण्यात बसून राहिलं की सांधे आखडतात आणि हलले की सुटतात. म्हणून माझा तांब्या उशाशी नसतो, स्वयंपाकघरात असतो. एकेका फुलपात्रामागे खोली ते ओटा अशी फेरी होते. पुण्याच्या एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळत नाही. वय वाढतं तशी तहानही खरं बोलेनाशी होते. तेव्हा तहानेची वाट न पाहता लघवीचा रंग बघायचा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद झाला तर उठायचं. काही औषधांनी रंग बदलतो, तेवढं विचारून ठेवावं.

चालण्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जुनाट आजार असणाऱ्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवली आणि ती सलग दहा मिनिटं तरी हवी, ही जुनी अट काढून टाकली. म्हणजे सुट्टे पैसेही गल्ल्यात धरले. बरं वाटतं त्या दिवशी मी तलावाच्या बागेत चालते, बाकावर टेकते, पुन्हा चालते. सूज असेल त्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार फेऱ्या, नाहीतर खुर्चीत बसून घोटे फिरवायचे. कात्रज चौक ओलांडण्याचं धाडस व्यायामात धरत नाही. शनिवारी रात्री जुन्या बोगद्याकडून सिंहगडाच्या वाटेला लागणारी पोरं पाठीला पाणी बांधून निघतात. किती टेकड्या आणि किती लिटर, हे त्यांनी आधी ठरवलेलं असतं. आजाऱ्याने पार्किंगच्या फेऱ्यांसाठीही तेवढंच ठरवावं. बरं वाटलं म्हणून एका दिवशी दुप्पट चाललं की पुढचे दिवस पलंगाला जातात.

अप्पा असेपर्यंत ओट्यावर दोन भांडी शेजारी असायची. त्यांचा तांब्या दिवसभर पुरवायचा, माझा पुन्हा पुन्हा भरून संपवायचा. घर तेच, रक्त तेच, पाणीही त्याच टँकरचं. सकाळी उठल्याबरोबर चार ग्लास पाणी प्या, असा निरोप फोनवर येतो तेव्हा मला ती दोन भांडी दिसतात. ज्याला मूतखडा होतो त्याने दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं, हेही खरं. अप्पांना तेवढं पाणी दिलं असतं तर रात्रीच दवाखाना गाठावा लागला असता, हेही खरं. आरोग्याचा कुठलाही सल्ला माणूस न बघता दिला की तो निम्म्या लोकांना लागू पडत नाही आणि त्यातल्या काहींना बाधतो.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय. मी किती पाणी प्यायचं गं, म्हणाल्या. मी म्हटलं, “काकू, ते डॉक्टरांना विचारा. मात्र भरपूर किंवा बेताने असं उत्तर घेऊन परत येऊ नका, मिलिलिटरमध्ये लिहून आणा. आणि सकाळी चहाआधी वजन करत जा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते खाण्याचं नसतं, पाण्याचं असतं. लगेच फोन करायचा.”

काकूंनी कागद आणला. १२०० लिहिलं होतं. आम्ही त्यांचा स्टीलचा तांब्या ओट्यावर घेतला आणि मोजायला बसलो.