सतरावी मात्रा

नाच म्हटलं की आपल्या मोहल्ल्यात आजही भुवया वर जातात. गणित म्हटलं की माझ्या वर्गातल्या मुलींचे चेहरे उतरतात. पलूसमध्ये उर्दू-मराठी शिकवताना मला मात्र या दोघांचं नातं रोज दिसतं.

कथ्थकमधली तिहाई घ्या. एकच तुकडा तीनदा नाचून समेवर यायचं. तीनतालाच्या मात्रा 16, म्हणजे पुढची सम सतरावी. पाच मात्रांचा तुकडा तीनदा केला की 15. मध्ये दोनदा एकेक मात्रा थांबलं की 17. शेवटचं पाऊल बरोबर समेवर! तुकडा तीन मात्रांचा असेल तर? चार-चार मात्रा थांबा. हे समीकरणच आहे, पायांनी सोडवलेलं.

लंडनमध्ये जन्मलेले, बांगलादेशी कुटुंबातले अक्रम खान हाच कथ्थकचा हिशोब घेऊन आधुनिक नृत्याकडे वळले. 2002 मधल्या त्यांच्या रचनेचं नाव आपल्या ओळखीचं: ‘काश’. त्यात तबल्याचे बोल आहेत, कालचक्राची आणि कृष्णविवरांची कल्पना आहे.

आपल्या गझलेतला ‘फऊलुन’ आणि मराठीतला य-गण, दोन्ही लघु-गुरू-गुरू, दोन्ही पाच मात्रांचे. मोजणं आपल्या जिभेवर आधीपासूनच आहे.

मी कुणाच्या मुलीला नाचायला लावत नाही. घराघराचा विचार वेगळा. फक्त टाळ्या वाजवून मोजायला सांगते. सतराव्या टाळीला सगळ्या एकदम थांबतात आणि हसतात. अशा मुलीला ‘गणित तुझं काम नाही’ असं मात्र कुणी म्हणू नये.