पारा उतरवणं

सलूनच्या खुर्चीत बसलात की समोरच्या आरशाकडं नीट बघा. कडेनं वेलबुट्टी असते, कुठं मोर, कुठं दुकानाचं नाव, आणि त्यातून मागचा दिवा पेटलेला दिसतो. बियर बारात असतं, लग्नाच्या हॉलात असतं, शेठच्या देवघरात तर असतंच. ही नक्षी आरशाच्या तोंडावर काढत नाहीत. पाठीचा रंग तेवढ्या जागेपुरता खरवडतात, खालची चांदी विरघळवतात आणि काच मोकळी करतात. आम्ही त्याला पारा उतरवणं म्हणायचो. बोईसरच्या एका शेडमध्ये 2001 पासून पाच वर्षं मी पारा उतरवला.

खरं तर आताच्या आरशात पारा नसतोच. नुसता शब्द राहिलाय. पूर्वी काचेच्या पाठीला कथलाचा वर्ख आणि पारा लावायचे. बव्हेरियात फ्यूर्थ, एर्लांगेन ह्या गावांत असे आरसे व्हायचे. मजुरांचे हात कापायचे, तोंडातून लाळ गळायची, दात पडायचे. कुसमाउल नावाच्या डॉक्टरनं त्यांना तपासून 1861 साली जाड ग्रंथ लिहिला. काचेवर चांदी बसवायची लीबिशची रीत 1835 सालची, म्हणजे त्या ग्रंथाच्या सव्वीस वर्षं आधीची. तरी मजूर पाऱ्यातच राबत होते. दुसरी वाट सापडली म्हणून राबणाऱ्याची सुटका लगेच होते, असं कुठं आहे?

आजच्या आरशाची पाठ अशी असते: काच, तिच्यावर चांदी, चांदीवर तांबं, तांब्यावर भाजून पक्का केलेला करडा रंग. चांदी किती? चौरस मीटरला जेमतेम एक ग्रॅम.

शेडमध्ये पुढं पंख्याखाली नक्षीवाला बसायचा. तो कागद कापायचा, चिकटवायचा, नंतर मोकळ्या काचेत रंग भरायचा. त्याला सगळे 'आर्टिस्ट' म्हणायचे. आम्ही दोघं मागं, गटाराच्या कडेला. कामाला लागलो त्या दिवशी शेठनं आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला तेही विचारलं, आणि म्हणाला, "तू मागे जा. तुमच्या लोकांना वासाची सवय असते." कसल्या वासाची सवय ते त्याला माहीत, मलाही माहीत.

रंग टर्पेंटाइननं निघत नाही. कॉस्टिक सोड्यानं निघतो, पण फार वेळ ठेवला तर काच धुरकटते आणि शेठ पगारातून कापतो. म्हणून रिमूव्हर, जेलीसारखा घट्ट. ब्रशनं लावायचा आणि थांबायचं. दहा मिनिटांत रंगाला फोड येतात, सुरकुत्या पडतात, मग पट्टीनं ओढला की साय निघावी तसा निघतो. खाली तांबं लालसर चमकतं. बघायला सुंदर दिसतं, हे कबूल करतो. त्यावर पातळ केलेलं नायट्रिक ॲसिड, म्हणजे तांबंही गेलं, चांदीही गेली. मग पाणी, मग खायच्या सोड्याचं पाणी, की झाली काच आरपार.

त्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड असतं हे मला फार उशिरा कळलं. ते चाळीस डिग्रीला उकळतं. मे महिन्यात पत्र्याखाली चाळीस व्हायला कितीसा वेळ? वास गोडसर. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळं जमिनीलगत साचते. आणि आम्ही उकिडवे बसून काम करायचो. अंगात गेल्यावर त्यातल्या काहीचा कार्बन मोनॉक्साईड होतो, कोंडलेल्या शेगडीचा होतो तोच. डोकं जड व्हायचं, पाय लटपटायचे. शेठ म्हणायचा, "रात्रीची उतरली नाही काय रे?" अमेरिकेत घरगुती वापरासाठी हा रिमूव्हर विकायला 2019 साली बंदी आली.

मी एडवणचा. सकाळी एस.टी.नं सफाळे, पुढं शटल. डहाणूपर्यंतची लोकल आली 2013 साली, तोवर आमचं काम संपलं होतं. नायट्रिकनं कातडी पिवळी पडते, साबणानं जात नाही, कातडी निघते तेव्हाच रंग निघतो. आई माझे हात बघून हसायची. "अरे, हळद लागली का काय तुला? नवरी कुठाय?" पुढं पुढं ती हसायची बंद झाली. भाकरी हातात न देता ताटलीत ठेवायची, म्हणायची, "आधी हात धू." धुतलेलेच असायचे.

2005 च्या पावसाळ्यात दार बंद ठेवून काम चाललं होतं. जोडीदारानं मोठ्या आरशावर पातळ न करताच ॲसिड ओतलं, कारण माल संध्याकाळी द्यायचा होता आणि शेठ डोक्यावर उभा होता. तांब्यावर ते पडलं की तपकिरी धूर निघतो. तो खोकला, बाहेर गेला, पाणी प्याला, परत येऊन आरसा पुरा केला. ह्या धुराचं असंच असतं. तेव्हा काही वाटत नाही, पाचसहा तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. रात्री एकला त्याला श्वास घेता येईना. जगला तो. पण जिना चढताना आजही मध्ये दोनदा थांबतो. डॉक्टरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ब्राँकायटिस.

कायदा? मी नंतर वाचला. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नायट्रस धुराची विषबाधा होती, शिशाची होती, ह्या रिमूव्हरच्या जातीच्या रसायनांचीही होती. असा रोगी आला की डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, असं कलम 89 सांगत होतं. पण विजेवर चालणारा कारखाना ठरायला तेव्हा दहा माणसं लागायची. आमच्या शेडमध्ये आम्ही सहा. शेठ सातवा कधी ठेवत नसे, माल कितीही असो.

धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात जायचं. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाज परिषद 2016 साली हरित लवादात गेली. मासळी मेली म्हणून निदान कोळी उभे राहिले.

सगळं पाणी मात्र नाल्यात जात नव्हतं. ॲसिडचं पहिलं पाणी शेठ पिंपात साठवायचा. त्यात मीठ टाकलं की चांदी दह्यासारखी पांढरी होऊन तळाशी बसते. महिन्याच्या अखेरीला एक माणूस यायचा, तो साका वाळवून, तोलून घेऊन जायचा. जोडीदार दवाखान्यात असताना त्याची आई शेडवर पैसे मागायला आली, त्या दिवशी तो तोलणाराही आलेला होता. शेठ तिला म्हणाला, "मावशी, जरा थांबा, हिशेब चाललाय." ती बाहेर पावसात उभी राहिली.