व्हेप बरं की सिगारेट? तीन माणसं, तीन उत्तरं

सिगारेट सोडून व्हेप घेतलं तर तब्येतीला बरं का? गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. तिघंही आपल्याच गावातले. प्रश्न एकच, पण तिघांना द्यायचं उत्तर वेगवेगळं आहे. मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. या विषयावर जे ठोस सापडलं ते वाचून लिहितोय. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा.

पहिला विचारणारा माझा जुना मित्र. लग्नाचे फोटो काढतो, वय ४८. वीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट. मागच्या दिवाळीनंतर छातीत दुखलं, स्टेंट बसवावा लागला. डॉक्टर म्हणाले, आता एकही नको. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने बापाच्या काळजीपोटी त्याला व्हेप आणून दिलं. मित्र म्हणतो, "अरे, धूर नाही, वास नाही. हे तरी चालेल ना?"

आधी खरं ते मान्य करू. माणसाला सिगारेट धरून ठेवायला लावतं ते निकोटिन, पण माणूस मरतो तो मुख्यतः धुराने. तंबाखू जळली की डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं तयार होतात. त्यातली सत्तरएक कॅन्सरला कारण ठरणारी. व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर एक तार तापते आणि निकोटिन मिसळलेल्या द्रवाचे बारीक थेंब हवेत उडतात. म्हणून पूर्णपणे सिगारेट सोडून व्हेपवर गेलेल्या माणसाच्या शरीरात विषारी पदार्थ बरेच कमी जातात. हे कंपन्यांचं म्हणणं नाही, इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेचंही आहे. तिथे २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचं किट देण्याची योजनाच जाहीर झाली.

तिथलाच २०१९ चा एक अभ्यास आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांचे दोन गट केले. एका गटाला व्हेप, दुसऱ्याला निकोटिनचे गम, पट्ट्या वगैरे. वर्षभराने व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. म्हणजे जवळपास दुप्पट. पण हाच आकडा उलटा वाचा. व्हेप मिळूनही ८२ टक्के लोकांची सिगारेट सुटली नाही. आणि ज्यांची सुटली, त्यातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते. शिवाय या सगळ्यांना सोबत समुपदेशन मिळत होतं. नुसतं यंत्र हातात देऊन सोडलेलं नव्हतं.

आता माझ्या मित्राकडे या. त्याची सिगारेट सुटली का? नाही. दिवसभर व्हेप, आणि सकाळच्या चहाबरोबर एक, रात्री जेवल्यावर एक खरी सिगारेट. "वीसवरून दोनवर आलो" हे तो अभिमानाने सांगतो. फुप्फुसाचं थोडं भलं होत असेलही, पण हृदयाचा हिशोब असा चालत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. रोज वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जितका जास्तीचा धोका येतो, त्यातला जवळजवळ निम्मा रोजच्या एका सिगारेटीनेच येतो. स्टेंट बसलेल्या माणसासाठी त्या दोन सिगारेटी म्हणजे किरकोळ गोष्ट नाही.

दुसरं म्हणजे, इंग्लंडचा पुरावा इंग्लंडच्या व्हेपबद्दल आहे. तिथे द्रवात निकोटिन किती असावं याला मर्यादा आहे, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. माल बाजारात आणण्याआधी सरकारकडे नोंद करावी लागते. आपल्याकडे सगळा मालच चोरटा. आत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यातले बहुतेक गांजाचं तेल भरलेले, चोरट्या बाजारातले व्हेप होते आणि त्यात मिसळलेल्या एका तेलकट पदार्थावर मुख्य ठपका आला. बिनतपासणीच्या मालात काय काय निघू शकतं, हे त्यातून दिसलं.

मित्राला मी सांगितलं, "इंग्लंडमध्ये असतास तर तिथला डॉक्टर तुला कदाचित म्हणाला असता, घे, पण सिगारेट शून्य कर आणि पुढे हेही सोड. इथे, या बिननावाच्या डबीबद्दल तसं कुणीच सांगू शकत नाही." आणि सोडण्याचा फायदा तर पक्का मोजलेला आहे. ब्रिटिश डॉक्टरांचाच पन्नास वर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये निष्कर्ष आला, की पन्नाशीत सिगारेट सोडणाऱ्याचं आयुष्य, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, सरासरी सहा वर्षांनी वाढतं. मित्र ४८ चा आहे. अजून वेळ गेलेली नाही.

दुसऱ्या विचारणाऱ्या एक शिक्षिका. नववीतल्या मुलाच्या दप्तरात हायलायटरसारखं काहीतरी सापडलं. दिसायला झकास, वास आंब्याचा. मुलगा म्हणाला, "मॅडम, ही नुसती वाफ आहे, तंबाखू नाही." आई-वडिलांना बोलावलं तर वडीलही म्हणाले, "सिगारेट ओढण्यापेक्षा बरं ना, मॅडम." बाईंनी मला विचारलं, "दादा, मी काय बोलायचं यावर?"

बाई, या मुलाने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. मग तुलना सिगारेटशी करायचीच कशाला? त्याच्यासाठी दुसऱ्या पारड्यात आहे साधी हवा. त्या तुलनेत व्हेप म्हणजे नुसता तोटा. ती वाफही नव्हे. त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ, वासाची रसायनं, तापलेल्या तारेचे धातूचे कण आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात निकोटिनची सवय पटकन लागते आणि लक्ष लागणं, चिडचिड, झोप सगळ्यावर परिणाम होतो. अमेरिकेत २०१९ साली नववी ते बारावीच्या वयाच्या मुलांपैकी २७.५ टक्के मुलं व्हेप वापरत होती. आणि जे इंग्लंड मोठ्यांना किट देतं, त्याच इंग्लंडने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आणली. कचरा आणि पोरांच्या हातात जाणारा माल, ही दोन कारणं.

एक विनंतीही केली. त्या पोराला शाळेतून काढू नका, चौकीवर नेऊ नका. त्याला ते कुणी विकलं हे शोधा.

तिसरा विचारणारा स्टँडजवळचा टपरीवाला. "साहेब, पुण्याचा एक जण माल द्यायला तयार आहे. सिगारेटपेक्षा बरं आहे म्हणतात. ठेवला तर काही होत नाही ना?"

होतं. २०१९ पासून देशात ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे. विकताना पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्यावर तो जे बोलला त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. "मग सिगारेट कशी काय चालते?"

बरोबर विचारलंस बाबा. ज्याने माणसं मरतात हे सत्तर वर्षांपासून सिद्ध आहे, ते परवान्याच्या बाजारात आणि जे बहुधा कमी घातक आहे ते बंद. सिगारेटच्या सगळ्यात मोठ्या देशी कंपनीत एलआयसीचे शेअर आहेत. पोरांना वाचवण्यासाठी व्हेपबंदी केली हे मला पटतं, पण बंदी कागदावर ठेवली तर काय होतं हे आपण गुटख्यात बघितलंय. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची आहे. आज कुठल्या चौकात मिळत नाही ते सांगा! सुट्टी सिगारेट-बिडी विकायला २०२० पासून राज्यात बंदी आहे, हे तर टपरीवाल्यालाच माझ्याकडून कळलं.

आणि खरं सांगायचं तर आपल्या राज्याचा मोठा प्रश्न धुराचा नाहीच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू, गुटखा, मिश्री, मावा असं बिनधुराचं खाणारे-लावणारे २४.४ टक्के निघाले. यांना व्हेप हा पर्यायच नाही. यांना लागते सोडायला मदत.

ती कुठे आहे? सिगारेटच्या पाकिटावर, तंबाखूच्या पुडीवर एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. फुकट आहे, समुपदेशक बोलतात. मेडिकलमध्ये निकोटिनचा गम मिळतो. स्टेंटवाल्यांनी तोही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. केंद्राच्या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची तरतूद आहे. पण रोजंदारी बुडवून, एसटीचं तिकीट काढून, तंबाखू सोडण्यासाठी कोण जिल्ह्याला जाईल?

म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींकडे आणि तहसील प्रशासनाकडे मागणी साधी आहे. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, तंबाखू सोडवण्याची ओपीडी सुरू करा. एक समुपदेशक, एक टेबल, दोन खुर्च्या. आणि शाळांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही हा २००३ चा कायदा आहे, तो गेटवर "तंबाखूमुक्त शाळा" अशी पाटी लावून पाळला जात नाही. पाटीसमोरची टपरी हलवा.

निवेदन तयार आहे. सोमवारी अकरा वाजता तहसीलला देणार आहे. ज्यांच्या घरात कुणी सोडायचा प्रयत्न करतंय, त्यांनी सही करायला यावं.