चिलर घेण्याआधी आजीची खाट कुठे आहे ते बघा

चिलर पाणी थंड करतो, असं आपण म्हणतो. खरं तर तो पाण्यातली उष्णता उचलतो आणि दुसरीकडे नेऊन टाकतो. त्यामुळे चिलर निवडताना प्रश्न दोन असतात. उष्णता किती उचलायची? आणि ती टाकायची कुणाच्या अंगावर? पहिल्याचं उत्तर गणितात मिळतं. दुसऱ्यासाठी घरात फिरून बघावं लागतं.

आमचं घर चिखल्यात. तुमसर तालुका, भंडारा जिल्हा. गाव ओळखलं जातं ते मँगनीजच्या खाणीसाठी. बाबांची सगळी नोकरी त्या खाणीत, जमिनीखाली झाली. आजूबाजूला धानाची शेतं आणि तलाव. अशा गावात मी गच्चीवर पाइपांमध्ये लेट्यूस लावते. चार पाइप, छत्तीस भोकं, खाली साठ लिटरची टाकी आणि पाणी फिरवणारा पंप. घरून काम करते, त्यामुळे दिवसातून चारदा वर जाऊन बघता येतं. थोडं घरी खातो, थोडं तुमसरला एका सँडविचवाल्याकडे जातं.

थंडीत काही अडचण नसते. मार्चनंतर पाणी तापायला लागतं. पानं ऊन काही प्रमाणात सोसतात, मुळं सोसत नाहीत. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशाला जेमतेम ७. त्याच वेळी गरम पाण्यात मुळांचा श्वास वाढतो. म्हणजे लागतो जास्त आणि मिळतो कमी. त्यात पिथियमसारखी मूळकूज घुसली की पांढरी मुळं तपकिरी होऊन बुळबुळीत होतात.

सगळी गच्ची थंड करायची गरज नाही, ही यातली दिलाशाची गोष्ट. सिंगापूरच्या राष्ट्रीय शिक्षण संस्थेत १९९० च्या दशकात संशोधकांनी पानं उष्ण हवेतच ठेवली, फक्त मुळांचा भाग थंड केला आणि थंड हवेतलं लेट्यूस वाढवून दाखवलं. मी २५ अंशांचं लक्ष्य ठरवलं. वीस नाही, कारण खालच्या प्रत्येक अंशाचं बिल आपल्यालाच भरायचं असतं.

आता गणित. एक लिटर पाणी एका अंशाने बदलायला सुमारे १.१६ वॅट-तास लागतात. माझ्या साठ लिटरला अंशामागे ७०. दुकानात विचारलं तर पहिला प्रश्न येतो, "टाकी किती लिटरची?" पण टाकी एकदा थंड झाली की लिटरचा प्रश्न मागे पडतो. दर तासाला आत किती उष्णता शिरते, ते महत्त्वाचं.

ते मोजायला यंत्र लागत नाही. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या. एक लिटरची गोठलेली बाटली साठ लिटर पाणी साधारण पावणेदोन अंशांनी उतरवते. एप्रिलच्या एका दुपारी बाटल्या टाकून मी पाणी २५ वर आणलं, बाटल्या काढल्या आणि तासभर थर्मामीटर बघत बसले. पाणी चार अंशांनी चढलं. चार गुणिले सत्तर, म्हणजे २८० वॅट सतत आत येत होते.

मग एकेक चोर पकडला. दुपारचं ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास असतं, म्हणून पाइपांवर शेडनेट आणि पांढरा रंग. टाकी गच्चीवरून काढून उत्तरेच्या पडवीत, चारी बाजूंनी थर्माकोल. आणि पंप. पाण्यात बुडालेला ४० वॅटचा पंप जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्यात सोडतो. त्या जागी १८ वॅटचा बसवला, तेवढा पुरला. पुन्हा बाटल्या, पुन्हा थर्मामीटर. आता तासाला दीड अंश. १०५ वॅट. चिलर अजून घेतला नव्हता आणि त्याचं निम्म्याहून जास्त काम झालं होतं.

मग चिलर पाहिले. पेल्टियरवाला स्वस्त आणि लहान, पण पाणी आणि हवेत इतका फरक असला की वीज खूप खातो आणि थंडावा कमी देतो. म्हणून कॉम्प्रेसरवाला. त्यावर 'पाव एचपी', 'दशांश एचपी' असं लिहिलेलं असतं. तो कॉम्प्रेसरचा आकडा, थंडाव्याचा नाही. विचारायचं ते असं: किती वॅट उष्णता उचलतो, आणि बाहेर किती तापमान असताना? ३० अंशांच्या हवेतला आकडा आमच्या ४५ च्या मे महिन्यात टिकत नाही. आतली नळी टायटॅनियमची हवी, कारण खतांचं पाणी तांब्याला खातं आणि तांबं मुळांना बाधतं. दुपटीच्या आसपास जागा ठेवून २०० वॅट उचलणारा लहानसा चिलर मी नक्की केला. किंमत माझ्या महिन्याच्या पगाराएवढी.

उरला दुसरा प्रश्न. विक्रेता फोनवर म्हणाला, "घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा." यंत्रासाठी सल्ला बरोबरच होता. पण आमच्याकडची सगळ्यात थंड खोली म्हणजे मधली. तिथे कुलर आहे आणि कुलरसमोर आजीची खाट. २०० वॅट उचलणारा चिलर स्वतःची वीज धरून ३०० च्या वर बाहेर फेकतो. शांत बसलेलं माणूस साधारण १०० वॅट सोडतं. म्हणजे लेट्यूससाठी आजीच्या खोलीत आणखी तीन माणसं आणून बसवायची.

दुसरी युक्ती सुचली होती. मे महिन्यात हवा कोरडी असते, त्यामुळे कुलरच्या टबातलं पाणी हवेपेक्षा बरंच थंड असतं. त्यात नळीचं वेटोळं बुडवलं तर चिलर लागणारच नाही! पण मग मुळांची उष्णता आजीच्याच वाऱ्यात जाणार. आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की टबही गार राहत नाही.

बाबांनी पडवीत उभं राहून एवढंच विचारलं, "हवा आत येते ते ठीक हाय. बाहेर कुठून जाते?" जमिनीखाली काम केलेल्या माणसाचा तो पहिला प्रश्न असतो.

चिलर पडवीत बसला, तोंड अंगणाकडे, भिंतीपासून हातभर दूर. तिथे हवा जास्त गरम, म्हणून तो थोडा जास्त वेळ चालतो. ते वाढीव बिल मी देते.

इन्व्हर्टरवर त्याला जोडलेलं नाही. लाइट गेली की इन्व्हर्टरवर आजीचा पंखा आणि तो १८ वॅटचा पंप, बस. थर्माकोलमुळे दोन तासांत पाणी २५ वरून २८ पर्यंत जातं. मुळं तेवढं काढून नेतात. त्याहून लांबली तर फ्रीजरमध्ये बाटल्या आहेतच.

मे महिन्याच्या शेवटी भोकं निम्मी रिकामी ठेवते आणि कुंड्यांत चवळाई, अंबाडी लावते. त्यांना चिलर लागत नाही. आजीला लेट्यूस अजूनही आवडत नाही. "काहून वो, हे पानं शिजवत नाही का?" असं दरवेळी विचारते आणि अंबाडीची भाजी मागते.