समुद्रपूरच्या माणसाने समुद्र पाहिला

आमचे मूळ गाव वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात आहे. तालुक्याच्या नावात समुद्र, पण खरा समुद्र पाहायचा तर नागपूरहून आगगाडीने सव्वाआठशे किलोमीटर दूर मुंबईला जावे लागते. आमच्या भागातली कितीतरी माणसे जन्मभर समुद्रपूरची म्हणवली आणि समुद्र न पाहताच गेली. माझे थोरले बंधू दादा हेही त्यांतलेच एक होणार असे वाटत होते.

दोन वर्षांपूर्वी हरभऱ्याला पाणी देताना दादांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. उपचारांनी जीव वाचला, जड झालेली जीभ मोकळी झाली आणि हळूहळू काठीच्या आधाराने घरातल्या घरात वीस-पंचवीस पावले टाकता येऊ लागली. व्यायामासाठी दादा आणि वहिनी माझ्याकडे सक्करदऱ्याला येऊन राहिले. चाळीस वर्षे ज्या माणसाने उजाडायच्या आत शेत गाठले, तो आता ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजू लागला. ते पाहवत नसे.

एके संध्याकाळी ते एकदम म्हणाले, "समुद्रपूरचा मानूस अन् समुद्र नाही पाह्यला. आपला कापूस जहाजात चढते, ते ठिकाण एकडाव पाह्यचं होतं."

दादांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा गावाकडून मनिऑर्डर येई ती त्यांच्या नावाने. बी.एस्सी. माझी झाली, पण तिच्यासाठी डवरणी त्यांनी केली.

मी लगेच कामाला लागलो. विस्ताराच्या नोकरीत शेतकऱ्यांच्या सहली पुष्कळ नेल्या आहेत. चाळीस माणसे, एक बस, तीन दिवसांत पाच ठिकाणे, हे गणित मला पाठ. त्याच हिशेबाने मुंबईचा कागद तयार केला. संध्याकाळी पाचच्या सुमारास नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस धरायची, सकाळी सातच्या सुमारास मुंबईला उतरायचे, दिवसभर फिरायचे आणि त्याच संध्याकाळी परतीच्या विदर्भने निघायचे. मुक्काम नाही, लॉजचा खर्च नाही. मुंबईच्या बॅलार्ड पिअरला मोठी प्रवासी जहाजे लागतात. त्यांतले उतारू सकाळी उतरून शहर पाहतात आणि जहाज सुटायच्या आत परत येतात. आमचेही तसेच, फक्त आमचे जहाज रुळांवरचे. कागदावर मी आठ ठिकाणे लिहिली होती आणि मधोमध होती घारापुरीची लेणी.

घारापुरीची चौकशी केली तेव्हा पहिला धक्का बसला. गेटवेपासून लाँचने तासाभराचा प्रवास, मग धक्क्यावरून छोटी गाडी, आणि पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. मी म्हटले, मग काय अडचण आहे? दादांना सांगितले, "तुम्ही डोलीत बसा, चार माणसे वर नेतील."

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले चौघांनी खांद्यावर न्यायची येळ अजून यायची आहे. तेव्हा नेजा."

मी कागद फाडला. समुद्र त्यांनी मागितला होता. लेणी मी घातली होती.

वहिनीही लाँचला भीत होत्या. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसे दगावली, ती बातमी त्यांच्या मनातून गेली नव्हती. शिवाय हलत्या लाँचमध्ये पाय टाकून चढणे हे दादांच्या आवाक्यातले नव्हतेच. तेव्हा माझ्या पुतण्याने रो-रो बोटीचे नाव काढले. माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून ही बोट समोर रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला जाते. 2020 च्या मार्चमध्ये ती सुरू झाली. सडकेने तीन-चार तास लागतात, ते अंतर पाण्यातून तासाभरात कापते. तिच्या पोटात मोटारी सरळ चालत जातात. मोटार जाते तिथे चाकाची खुर्चीही जाईल, एवढे माझ्या ध्यानात आले. जायचे आणि यायचे, बाकी काही नाही.

एका ओळखीच्या घरून खुर्ची मिळाली. प्रात्यक्षिकाशिवाय शिफारस करायची नाही ही आमच्या खात्यातली सवय, म्हणून आधी सक्करदरा तलावाच्या बाजूला तालीम केली. तेव्हा कळले की वीतभर उंचीची फूटपाथची कडसुद्धा खुर्चीला केवढी भिंत असते. हेही कळले की उतारावर खुर्ची तोंड पुढे करून सोडायची नाही. उलटी फिरवून, आपण खाली राहून, मागे मागे उतरवायची. तोंड पुढे ठेवले तर बसलेला माणूस घसरून पुढे येतो. पहिल्या दिवशी दादा असेच घसरले होते. पडता पडता वाचले आणि मला त्यांनी बैलगाडीच्या उतारावरच्या सगळ्या शिव्या दिल्या. मला तेव्हा फार बरे वाटले.

तयारीतल्या दोन-तीन गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. डॉक्टरांना विचारून, रक्तदाब दोन महिने ताब्यात आहे हे पाहूनच तिकिटे काढली. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण एकट्याने प्रवास करता न येणाऱ्या अपंग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि त्यावरून मिळणारे ओळखपत्र लागते, आणि ते काढायला वेळ लागतो. निघायच्या आठवड्यात धावपळ करून ते हाती येत नाही. गाडीत नुसता खालचा बर्थ मिळून भागत नाही, डोके कोणत्या बाजूला करायचे हेही पाहावे लागते. दादांचा उजवा हात चांगला, म्हणून उताणे झोपल्यावर उजवा हात वाटेच्या बाजूला येईल असे डोके ठेवले. उलटे ठेवले असते तर चांगला हात भिंतीकडे गेला असता आणि रात्री उठताना आधार उरला नसता.

उतरायचे ते दादरला नाही, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाच, हेही आधी ठरवले होते. मुंबईचा माणूस दादर सांगतो, कारण त्याला जवळ पडते. पण दादरला फलाटाबाहेर पडायचे म्हणजे पूल आला. टर्मिनसला रूळच संपतात, त्यामुळे फलाटाच्या टोकावरून पूल न चढता सपाट बाहेर पडता येते.

संक्रांत झाल्यावर, तूर घरात आली की निघालो. दादा, वहिनी, पुतण्या आणि मी. सामान स्टेशनातच ठेवले आणि हातपाय धुऊन चहा घेऊन बाहेर आलो. समोर ती प्रचंड इमारत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ती बांधली आणि 1887 साली तिला व्हिक्टोरिया टर्मिनस असे नाव दिले. त्याच कंपनीची लाइन 1867 मध्ये नागपूरला पोचली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 65 या काळात विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला केवढी मागणी आली हे मी दादांना सांगू लागलो. त्यांनी मान वर करून कळस पाहिला आणि म्हणाले, "मंग ही आपल्याच भाड्यातून उभी झाली म्हन!"

दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच करावी लागते. आणि टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी. खुर्ची ठेवायची कुठे? दोघांनी नकार दिला. तिसऱ्याने काही न बोलता ती टपावर चढवली आणि दोरीने आवळून बांधली. गाठ पाहून दादा म्हणाले, "शेतकऱ्याचं पोर दिसते." तो खरेच शेतकऱ्याचा मुलगा निघाला, उत्तर प्रदेशातला.

भाऊचा धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. आपल्यातल्याच एका माणसाच्या पदराच्या पैशाने तो उभा राहिला हे ऐकून दादांना बरे वाटले. तिथे मासळीचा वास भरून राहिलेला असतो. वहिनींनी माळ घातलेली, त्यांनी नाकाला पदर लावला. खुर्ची उतारावरून सरळ बोटीत गेली, उलटी फिरवूनच. वरच्या मजल्यावर नेताना बोटीवरच्या दोन माणसांनी हात दिला. खांद्यावर नव्हे, काखेत.

बोट हलली आणि दादांनी कठडा उजव्या हाताने धरला.

मला वाटले होते ते पाण्याकडे पाहतील. ते जहाजांकडे पाहत होते. बंदरात नांगर टाकून उभी असलेली एकेक जहाजे आमच्या गावच्या टेकडीएवढी. "याच्यात कापूस?" त्यांनी विचारले. मी पुतण्याकरवी बोटीवरच्या माणसाला विचारले. त्याने दूर धुक्यातल्या क्रेनकडे बोट केले. ते न्हावा-शेवा. 1989 पासून ते बंदर चालू आहे. आता गाठी सुट्या चढत नाहीत, लोखंडी कंटेनरात भरून तिथून जातात. असे डबे अजनीला रेल्वेवर चढताना मी पाहिले होते.

"एका डब्यात किती गाठी?"

गाठ 170 किलोची, मोठ्या डब्यात दीडशेच्या आसपास बसतात, असे मी सांगितले. दादा गप्प झाले. त्यांचे ओठ हलत होते. हिशेब चालला आहे हे मी ओळखले, म्हणून मीही माझ्या मनाशी केला. पाच एकर कापूस, एकरी सरासरी सहा क्विंटल, वर्षाला तीस. चाळीस वर्षांचा बाराशे क्विंटल. क्विंटलमागे 34 किलो रुई धरली तर गाठी भरतात 240.

"दोन डबे," दादा म्हणाले. "दोनबी भरत नाहीत. सारी जिंदगी."

मला काय बोलावे सुचेना. मी कापसाच्या किडीवर तासभर बोलू शकतो, पण तिथे माझ्याजवळ शब्द नव्हता. थोड्या वेळाने त्यांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्याच्यातूनच तुही फी निघाली, पोरीचं लग्न निघालं. कमी नाही ना बे."

यानंतर जे घडले त्याची मला आजही लाज वाटते. मांडव्याला उतरलो. धक्का लांब आहे. पुतण्या खुर्ची ढकलत पुढे, मी बाजूला. अर्ध्या वाटेवर मागे वळून पाहतो तो वहिनी नाहीत. दूर मागे धक्क्याच्या कडेला त्या बसल्या होत्या, दोन्ही गुडघे हातांनी दाबत. मी धावत गेलो. "काही नाही भाऊजी, जरा दम खाते," म्हणाल्या. पाय सुजले होते. वर्षभरापासून त्यांचे गुडघे दुखत होते. दादांना उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे सगळे त्याच करत, आणि गुडघ्याचे कोणाला बोलत नसत. नागपूरपासून त्यांनी पाणीसुद्धा जेमतेम प्यायले होते. संडास-मुतारी शोधत चालावे लागू नये म्हणून. मी दादांसाठी बर्थ मोजला, उतार मोजला, पायऱ्या मोजल्या. वहिनींना एकदाही विचारले नाही की तुम्हाला किती चालवते. त्या चालत होत्या, म्हणून त्या चालू शकतात असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

खुर्ची मागे आणली. दादांनी पाहिले आणि कोणाला काही न विचारता काठी टेकून उठले. "बस तू."

"लोकं हासतील," वहिनी म्हणाल्या.

"इथं कोन ओळखते तुले? बस."

त्या बसेनात. शेवटी दादा रागावले, तेव्हा अंग चोरून टेकल्या. पुतण्याचा खांदा धरून दादा चालू लागले. घरात वीस-पंचवीस पावले टाकणारा माणूस चाळीसेक चालला असेल. मग मी खाली अंथरलेल्या सतरंजीवर दोघेही बसली. वहिनींनी आधी तांब्याभर पाणी प्यायले. शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, तीळगूळ उरलेला. पुढे अलिबाग आहे, किल्ला आहे, असे पुतण्या म्हणाला, पण कोणी हलले नाही. दीड तास आम्ही नुसते पाणी पाहत बसलो. निघताना पुतण्याने पायऱ्यांशी उतरून बाटलीत पाणी भरून आणले, तेव्हा वहिनींनी ते हातावर घेऊन चाखले आणि तोंड वाकडे केले.

परतीची वेळ मी उलटीकडून मोजली होती. गाडी सातच्या सुमारास, म्हणून पाचला स्टेशनात. त्यासाठी चारच्या आत धक्का सोडायचा, म्हणून दुपारची पहिली बोट. पेरणीची तारीख काढताना आपण असेच मागे मागे येतो. स्टेशनात दोन तास हाती होते, आणि या वेळी तिथली खुर्ची मागून घेतली. आता दोन खुर्च्या झाल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत, नीट बसल्या.

परत आल्यावर त्याच आठवड्यात त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेले. आता सकाळी आमच्या ओट्यावर दोघेही व्यायाम करतात, आणि वहिनींचा पाय नीट उचलला जात नाही म्हणून दादा त्यांना रागावतात. खुर्ची ज्यांची, त्यांना आणखी दोन महिने ठेवू का म्हणून विचारले आहे. दादांना आता गिरडच्या टेकडीच्या पायथ्याशी जायचे आहे. पायथ्याशीच, वर नाही, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे.