कापायचं की राहू द्यायचं

बँकेतली बदली तमिळनाडूतल्या ओरत्तनाडुला झाली तेव्हा घरच्यांना चिंता पडली तमिळची. माझी चिंता निराळी होती आणि कोणापुढे बोलण्यासारखी नव्हती. माझे आतले भगोष्ठ बाहेरच्यांपेक्षा बरेच लांब आहेत. तंजावरहून रोज स्कूटरवर येणं, मे महिन्यातला घाम आणि घट्ट जीन्स. संध्याकाळपर्यंत तिथली कातडी सोलवटलेली असायची. आईपाशी हे बोलता येईना. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, शरीराबद्दल उघड लिहिलं, त्यासाठी खटले झेलले; आमच्या स्वयंपाकघरापर्यंत त्यातलं काही पोचलेलं नाही.

त्यात लग्न ठरत होतं. रात्री फोनवर शोधायला बसलं की भगोष्ठ कापून लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो समोर यायचे. 'आधी'मधल्या बायका वेगवेगळ्या, 'नंतर'मधल्या सगळ्या एकीसारखी दुसरी, वयात न आलेल्या मुलींसारख्या. जळजळीची तक्रार होती ती हळूहळू दिसण्याची झाली.

एका मोठ्या शहरातल्या कॉस्मेटिक क्लिनिकात गेले. तपासायच्या आधीच दरपत्रक आणि हप्त्यांचा तक्ता हातात पडला. लेसरनं पाऊण तासात काम, दोन-तीन दिवसांत ऑफिस. पाच वर्षांनी काय होतं, असं विचारलं तर समोरची मुलगी हसून म्हणाली, "सगळ्याजणी खूश असतात, मॅडम."

तिथून परतल्यावर मला तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांची आठवण झाली. ओरत्तनाडुत रोज येणाऱ्याला ती टळत नाही. त्यांच्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावानं बांधलेलं छत्र, म्हणजे धर्मशाळा, इथेच आहे. रामेश्वरच्या वाटेवरच्या छत्रांत यात्रेकरूंना जेवण मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे, आणि वाटेत दिवस भरलेल्या बायकांचीही काळजी घेतली जाई. राजांना वैद्यकाचा मोठा नाद. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. रोग काय आणि त्यावर काय केलं हे दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं जात होतं. मी गेले त्या क्लिनिकात मात्र फोटोंपलीकडे दाखवायला काही नव्हतं.

मग तंजावरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी नीट तपासलं आणि विचारलं, "कधी दुखतं, अम्मा? आणि दुखलं नसतं तर हे करायचं मनात आलं असतं का?" दुसऱ्या प्रश्नावर मी गप्प.

त्या घाईत नव्हत्या. कागदावर आकृती काढून त्यांनी दोन पद्धती समजावल्या: एकीत कडा कापून शिवतात, दुसरीत मधली पाचर काढून कडा तशीच ठेवतात. या भागात मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दाट असतात. तो शोभेचा तुकडा नव्हे. टाके उसवणं, जंतुसंसर्ग, दुखरा व्रण, संवेदना बदलणं, संबंधाच्या वेळी वेदना, पुन्हा शस्त्रक्रिया, सगळं त्यांनी सांगितलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये म्हटलं आहे की निव्वळ दिसण्यासाठीच्या अशा शस्त्रक्रियांच्या परिणामांबद्दल भक्कम पुरावा नाही आणि हे रुग्णाला आधी सांगायला हवं. 'नॉर्मल' किती, या माझ्या प्रश्नावर त्यांनी लंडनमधल्या २००५ च्या एका अभ्यासाचे आकडे काढले: ५० बायकांची मापं घेतली, तर आतल्या भगोष्ठांची रुंदी कुणाची ७ मिलिमीटर, कुणाची ५०. माझं माप त्यात आरामात बसत होतं. खरं सांगते, त्या आकड्यानं जेवढा धीर आला तेवढा कुठल्याही समजुतीच्या शब्दांनी आला नसता.

आधी साधे उपाय करू, म्हणाल्या. सुगंधी साबण बंद, तिथले केस काढणं बंद, ढगळ सुती कपडे, निघताना पेट्रोलियम जेली. उन्हाळा सरायच्या आत सोलवटणं जवळजवळ थांबलं. उरली ती फक्त धास्ती, होणाऱ्या नवऱ्याला काय वाटेल याची. त्याला मी विचारलं नाही. माझ्या अंगाचा तुकडा कापायचा की नाही, हा त्याच्या पसंतीचा विषय नव्हे.

शस्त्रक्रिया केली नाही. बसणं-चालणं अवघड होण्याइतका त्रास असलेल्या बाईनं ती करून घेतली तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण अठराच्या आतल्या मुलीला कोणी यासाठी नेत असेल तर अडवा. आणि तपासण्याआधी दर सांगणाऱ्या दारातून सरळ उठून या.