हरणामागची माती

उर्दू शाळेत वरच्या वर्गांना गझल शिकवताना आम्हांला हरणापाशी थांबावेच लागते. 'ग़ज़ाल' म्हणजे हरीण, आणि जखमी हरणाच्या आर्त स्वराशी गझलेचे नाते जोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. भाषेच्या अभ्यासकांना ही व्युत्पत्ती पटत नाही, मुलांना मात्र ती लगेच पटते. शायरीत सय्याद येतो, तीर येतो, तडफड येते. पण शिकाऱ्याने हत्यार कसे निवडावे हे कोणी सांगत नाही. खरे तर हरीण जागीच पडणार की जखम घेऊन रात्रभर रानात फिरणार, हे पुष्कळदा त्या निवडीतच ठरलेले असते. हा विषय आमच्या दारात आला तो मामेभावामुळे.

मामेभाऊ स्कॉटलंडमध्ये वनशास्त्र शिकला आणि तिथल्याच एका खाजगी जंगलात नोकरीला लागला. लांडगा त्या देशातून केव्हाच नाहीसा झाला. मोठ्या हरणांना खाणारे कोणी उरले नाही आणि लावलेली रोपे हरणे वाढू देत नाहीत. म्हणून दरवर्षी ठरावीक हरणे मारणे हा तिथल्या जंगलकामाचाच भाग आहे. वारा अंगावर घेत, पायी, लपतछपत टप्प्यात जायचे आणि शक्यतो एकाच गोळीत काम संपवायचे. याला ते 'स्टॉकिंग' म्हणतात. त्याला स्वतःची रायफल घ्यायची वेळ आली, तेव्हा मुमानीने फोन आमच्या हातात दिला. "तू बी. एड. केलंस, दुसऱ्यांच्या पोरांना समजावतोस. आता याला समजाव. या घरात पुन्हा बंदूक नको."

'पुन्हा' या शब्दाला कारण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या शिकारीवर कडक बंधने आली. पण कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर जुन्या बंदुका घरोघरी राहिल्या. मामूंकडे त्यांच्या वडिलांची ठासणीची बंदूक होती. भातावर येणारी रानडुकरे हुसकायला ते रात्री तिचा बार काढीत. दारू अंदाजाने ओतायची, गजाने ठासायची. आधीचा बार खरोखर उडाला की नुसतीच केप फुटली, हे अंधारात समजत नसे. एका रात्री भरलेल्या नळीतच दुसऱ्यांदा भरले गेले आणि नळी फुटली. मामूंच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण मुमानीने तो हात रोज ताटावर पाहिला आहे.

तेव्हा आम्ही वही घेऊन बसलो आणि त्या पोराची तोंडी परीक्षा सुरू केली. पहिला प्रश्न नळीचाच. तो म्हणाला, "भाई, ब्रिटनमध्ये प्रूफचा शिक्का नसलेली बंदूक विकताच येत नाही. १८६८ पासूनचा कायदा आहे." लंडन आणि बर्मिंगहॅम इथल्या प्रूफ हाउसमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाची गोळी झाडून नळी पारखतात आणि मगच तिच्यावर शिक्का मारतात. जुनी रायफल घेतानाही आधी तो शिक्का पाहायचा.

दुसरा प्रश्न ताकदीचा. त्याला आधी मोठ्या काडतुसाची, जबर रायफल घ्यायची होती. आमचाही समज असा, की मोठी गोळी म्हणजे हरणाला कमी त्रास. पण जबर रायफल खांद्याला जबर धक्का देते. त्या धक्क्याच्या धास्तीने माणूस चाप ओढण्याआधीच अंग आखडतो, आणि गोळी काळीज-फुफ्फुसाऐवजी पोटात जाते. कायद्यानेही खालची मर्यादा आखली आहे. स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशानुसार रो जातीच्या लहान हरणाखेरीज इतर हरणांसाठी गोळी किमान १०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमची लागे, आणि नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला किमान २४५० फूट असावा लागे. २०२३ मध्ये वजनाची अट ८० ग्रेनवर आली, कारण शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरायची तर ती हलकी असते. शिशाचे कण मांसात आणि ते खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात. हे सारे पाहून तो २४३ विंचेस्टर या १९५५ पासून चालत आलेल्या काडतुसावर थांबला. धक्का कमी, काडतुसे सहज मिळणारी, आणि सरावाला परवडणारी.

बाकीच्या गोष्टी लहान, पण आमच्या वहीत त्यांनीच जास्त जागा घेतली. खिटीची, म्हणजे बोल्ट असलेली रायफल घ्यावी. खिटी मागे ओढली की आत काडतूस आहे की नाही ते डोळ्यांना दिसते. सेफ्टी लावलेली असतानाही खिटी उघडून काडतूस काढता यावे. सेफ्टीवर विसंबून भरलेली रायफल घेऊन कुंपण ओलांडू नये. चाप फार हलका नको; थंडीत बधिर झालेल्या बोटाला तो कळला पाहिजे. तिथल्या पावसात लाकडी दस्ता फुगतो आणि नेम सरकतो, म्हणून सिंथेटिक दस्ता बरा. आणि रायफल कुठे आपटली, तर रानात जाण्याआधी कागदी निशाणावर नेम पुन्हा तपासायचा.

हलालचा प्रश्न मुमानीने मध्येच विचारला. गोळीने मेलेल्या जनावराबद्दल उलेमांत मतभेद आहेत. जिवंत गाठून जबह केले तर वाद उरत नाही. पण चांगल्या रायफलीची चांगली गोळी तेवढा श्वास ठेवत नाही. मामेभावाने सरळ सांगितले, की ते मांस तो घरी आणत नाही. आम्हांला हे उत्तर आवडले. खाण्यासाठी हरणाला थोडे जिवंत ठेवावे, हा हिशेब त्याने केला नाही.

मग मुमानीने फोन स्वतःकडे घेतला. "हरीण चुकलं तर गोळी जाते कुठे?"

आमच्या सगळ्या वहीत हा प्रश्न नव्हता. रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. तो म्हणाला, "अम्मी, हरणामागे माती दिसली तरच बोट चापावर जातं. टेकडीच्या माथ्यावर, आभाळाला लागून उभं असलेलं हरीण कितीही मोठं असो, ते सोडायचं."

मामू पलीकडे बसून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "आम्हांला हे कोणी सांगितलं नव्हतं."

सुरक्षित बंदूक कोणती, याचे उत्तर आम्हांला दुकानातल्या नावांत सापडले नाही. पारखलेली नळी, झेपणारा धक्का आणि गोळी थांबवणारी माती, इतके जमले तरच चाप ओढायचा. एरवी ती खांद्यावर टाकून रिकाम्या हाताने परतणे ज्याला जमते, त्याच्याकडेच ती सुरक्षित. तिथला कायदा हेच वेगळ्या रीतीने विचारतो. पोलीस घरी येऊन पाहतात, दोन माणसांचा हवाला घेतात, डॉक्टरकडून माहिती मागवतात, आणि पाच वर्षांनी सगळे पुन्हा.

मुमानी 'हो' म्हणाली नाही. आठवड्याने तिने एवढेच विचारले, "त्या लोखंडी कपाटाची चावी कोणाकडे असते?"

"फक्त माझ्याकडे. सुनेलाही ठाऊक नसते."

"बरं," मुमानी म्हणाली, आणि सुनेची तब्येत विचारू लागली.